एरियन ५०१: घ्यायची राहून गेलेली चाचणी

४ जून १९९६, फ्रेंच गयानातले कुरू. सकाळी ८ वाजून ३५ मिनिटांनी ठरलेले उड्डाण दृश्यमानता पुरेशी नाही म्हणून शून्याला सात मिनिटे उरली असताना थांबवले गेले. हवा निवळल्यावर उलटगणती पुन्हा सुरू झाली आणि ९ वाजून ३३ मिनिटे ५९ सेकंदांनी शून्य गाठले. त्यानंतर साधारण सात सेकंदांनी एरियन ५ या नव्या युरोपीय रॉकेटने पहिल्यांदा जमीन सोडली. या उड्डाणाला ५०१ हा क्रमांक होता. शून्यापासून ३६ सेकंदांपर्यंत सगळे ठरल्याबरहुकूम चालले होते. मग दोन्ही बूस्टरची नोझल्स एकदम टोकापर्यंत वळली, आणि लगेच मुख्य इंजिनाचेही तेच झाले. रॉकेट आपल्या मार्गाला २० अंशांहून अधिक तिरके झाले, हवेच्या माऱ्याने बूस्टर मुख्य भागापासून सुटू लागले आणि अशा वेळी जे व्हायला हवे तेच झाले: रॉकेटने स्वतःला उडवून दिले. उंची होती सुमारे ३,७०० मीटर. पृथ्वीच्या चुंबकावरणाचा अभ्यास करण्यासाठी बनवलेले क्लस्टर मोहिमेचे चारही उपग्रह त्यात गेले.

अवशेष प्रक्षेपणस्थळाच्या पूर्वेला सुमारे १२ चौरस किलोमीटरच्या गवताळ आणि खारफुटीच्या दलदलीत विखुरले. त्या चिखलातून शोधपथकाने दोन पेट्या बाहेर काढल्या. जडत्व-मापन यंत्रणेचे हे दोन संच. त्यांना त्यांच्या फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून एसआरआय म्हणतात. रॉकेट अवकाशात कसे वळले आहे आणि कोणत्या दिशेने किती वेगाने चालले आहे, हे सतत मोजून मुख्य संगणकाला सांगणे हे त्यांचे काम. एका संचाच्या स्मृतीत शेवटच्या क्षणाची नोंद शाबूत होती. काही बिघडले तर बंद पडण्यापूर्वी बिघाडाचा संदर्भ लिहून ठेवायचा, असे त्या सॉफ्टवेअरला सांगितलेले होते आणि त्याने ते इमाने केले होते. इतक्या नीट लिहिलेला बग रिपोर्ट क्वचितच मिळतो. मिळाला तो मात्र रॉकेट गेल्यावर.

गणितज्ञ झाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने १९ जुलै १९९६ रोजी अहवाल दिला. टेस्टिंगच्या धंद्यात पडणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी सावकाश वाचावा असे मला मनापासून वाटते. ‘चौसष्ट बिटांची संख्या सोळा बिटांत मावली नाही आणि रॉकेट फुटले’ ही एका ओळीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. ती खरी आहे, पण तेवढीच सांगितली तर हा कुणा एका प्रोग्रॅमरचा निष्काळजीपणा वाटतो. अहवाल वाचला की दिसते ते वेगळे आणि जास्त अस्वस्थ करणारे आहे. तिथली माणसे काळजी घेणारी होती, चाचण्या पुष्कळ झाल्या होत्या, आणि ज्या धोक्याने घात केला तो आधी एकदा कागदावर येऊनही गेला होता.

आधी बिघाड कसा घडला ते पाहू.

एसआरआयच्या आत ‘बीएच’ नावाचे एक व्हेरिएबल होते. रॉकेटच्या आडव्या दिशेच्या वेगाशी त्याचा संबंध होता. चौसष्ट बिटांच्या दशांश संख्येच्या रूपात मोजलेली त्याची किंमत सोळा बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात उतरवली जाई. सोळा बिटांत -३२,७६८ ते ३२,७६७ एवढेच मावते. ३६.७ व्या सेकंदाला बीएचची किंमत त्यापलीकडे गेली, एडा भाषेतल्या त्या प्रोग्रॅममध्ये एक्सेप्शन, म्हणजे चालता चालता अडल्याचा इशारा, उठले, ते झेलणारे कुणी नव्हते, आणि ठरल्याप्रमाणे एसआरआयने नोंद लिहून स्वतःचा प्रोसेसर बंद केला. मुख्य संगणकाने राखीव एसआरआयकडे वळायचे, अशी सोय होती. पण तो त्याच्या आधीच्याच ७२ मिलिसेकंदांच्या चक्रात त्याच कारणाने बंद पडला होता. दोन्हीत तेच हार्डवेअर, तेच सॉफ्टवेअर. आता चालू एसआरआयकडून मुख्य संगणकाला जे येत होते ते होते निदानासाठीचे बिट. संगणकाने ते उड्डाणाची माहिती म्हणून वाचले, रॉकेट भलतीकडे वळले आहे असे समजून जे झालेच नव्हते ते वळण दुरुस्त करायला गेला, आणि नोझल्स टोकाला गेली.

आता यातली सगळ्यात दुखावणारी गोष्ट. बीएच ज्या कामासाठी मोजले जात होते त्या कामाची त्या क्षणी कुणालाच गरज नव्हती. जमिनीवर उभे असताना यंत्रणेची दिशा नेमकी जुळवून घेण्याचे ते काम. रॉकेट हलले की त्या गणिताला काही अर्थ उरत नाही. मग ते उड्डाणात चालू का होते? कारण एरियनच्या आधीच्या पिढ्यांमध्ये, दहाहून अधिक वर्षांपूर्वी, एक विचार झाला होता: उलटगणती अगदी शेवटच्या काही सेकंदांत थांबली तर जुळवणी पुन्हा पहिल्यापासून करायला ४५ मिनिटे किंवा त्याहून जास्त लागतात आणि उड्डाणाची वेळ हातची जाते. ते टाळायला जुळवणीचे काम उड्डाण-अवस्था सुरू झाल्यावरही ५० सेकंद चालू ठेवायचे. या सोयीचा प्रत्यक्ष उपयोग एकदाच झाला, १९८९ मध्ये, ३३ व्या उड्डाणाच्या वेळी. एरियन ५ ची तयारीची पद्धत वेगळी होती, तिला ही सोय लागतच नव्हती. पण एरियन ४ वर नीट चालणाऱ्या सॉफ्टवेअरला उगाच हात लावू नये, या विचाराने ती तशीच राहिली. एरियन ५ मध्ये उड्डाण-अवस्था शून्याच्या तीन सेकंद आधी सुरू होई; म्हणजे ४७ व्या सेकंदाला हे काम आपोआप थांबले असते. बिघाड झाला ३६.७ व्या सेकंदाला.

चालत्या कोडला हात लावू नये हा नियम मी स्वतः अनेकदा पाळला आहे आणि तो मूर्खपणाचा नाही. प्रत्येक बदलाबरोबर नवा बग यायची शक्यता असते. फक्त त्या नियमात एक गोष्ट दडलेली असते: कोड तेच राहिले तर वागणूकही तीच राहील. वागणूक कोड आणि इनपुट या दोघांची मिळून असते. इथे कोड जवळजवळ तेच होते, इनपुट बदलले होते. एरियन ५ सुरुवातीपासून जोरात वेग घेते आणि तिचा मार्ग असा आहे की आडवा वेग एरियन ४ च्या पाचपट झपाट्याने वाढतो.

मग ही शक्यता कुणाच्या लक्षातच आली नव्हती का? आली होती. एसआरआयच्या सॉफ्टवेअरचे विश्लेषण झाले तेव्हा असा ऑपरेंड एरर, म्हणजे किंमत न मावण्याची चूक, येऊ शकेल अशी सात व्हेरिएबल्स सापडली होती. चारांना संरक्षण दिले गेले. उरलेल्या तिघांना दिले गेले नाही, आणि त्यात बीएच होते. प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या वर जाऊ नये असे बंधन होते, आणि प्रत्येक संरक्षणाला थोडा वेळ लागतो. त्या तिघांच्या किंमती एकतर भौतिक कारणांनी मर्यादित आहेत किंवा मर्यादेपासून बऱ्याच दूर आहेत, असा युक्तिवाद झाला. हा निर्णय कुणी एकट्याने घेतला नव्हता, प्रकल्पातल्या निरनिराळ्या पातळ्यांवरच्या भागीदारांनी मिळून घेतला होता.

युक्तिवाद एरियन ४ साठी बरोबर होता. एरियन ५ साठी तो पुन्हा तपासायचा तर तिच्या मार्गाचे आकडे त्या व्हेरिएबल्सना लावून पाहायला हवे होते. असे आकडे वापरल्याचा कुठलाही पुरावा मंडळाला मिळाला नाही. उलट एसआरआयच्या रिक्वायरमेंट्समध्ये आणि स्पेसिफिकेशनमध्ये एरियन ५ च्या मार्गाची माहिती घालायची नाही, असे सगळ्यांनी मिळून ठरवले होते. आणि तीन व्हेरिएबल्स उघडी का ठेवली याचे कारण सोर्स कोडमध्ये कुठेही लिहिलेले नव्हते. कागदपत्रांचा एवढा ढीग असतो की सहमतीने मानलेले ते गृहीतही बाहेरच्या तपासणाऱ्याच्या नजरेआड गेले. मुद्दाम कुणी लपवले नाही. ते नुसते बुडाले.

मला या प्रकरणाचा गाभा इथे दिसतो. टेस्टर टेस्ट केस कशावरून लिहितो? स्पेसिफिकेशनवरून. जे तिथे लिहिलेले आहे ते पडताळता येते. लिहिलेले नाही, पण सगळ्यांनी मनात धरले आहे, त्याची टेस्ट केस लिहायला कुणाच्या हातात काही धागाच नसतो. ‘आडवा वेग एवढ्याच्या वर जाणार नाही’ हे वाक्य एका ओळीत कुठेतरी असते, तर कुणीतरी, कधीतरी, कंटाळवाण्या रिव्ह्यू बैठकीच्या तिसऱ्या तासाला का होईना, विचारले असते: एवढ्याच्या म्हणजे किती, आणि एरियन ५ चा किती?

आता चाचण्यांकडे येऊ.

एरियन ५ च्या चाचण्यांची रचना चार पायऱ्यांची होती: उपकरणाची चाचणी, मुख्य संगणकातल्या सॉफ्टवेअरची चाचणी, टप्प्यांची जोडणी आणि शेवटी संपूर्ण प्रणालीची पडताळणी. मागच्या पायरीवर जे तपासता आले नाही ते पुढच्या पायरीवर तपासायचे, म्हणजे शेवटी सगळे झाकले जाईल, हे त्यामागचे तर्कशास्त्र. युनिट, इंटिग्रेशन, सिस्टिम अशी जी उतरंड आपण रोज वापरतो तीच ही.

पहिल्या पायरीवर एसआरआयची कसून तपासणी झाली होती. तापमान, कंपने, जे जे वातावरण एरियन ५ वर अपेक्षित होते त्याच्याही पलीकडे नेऊन. पण एरियन ५ ची उलटगणती, तिचा उड्डाणक्रम आणि तिचा मार्ग यांतून जाताना एसआरआय नीट वागते का, याची एकही चाचणी झाली नाही. खऱ्या उड्डाणाशिवाय एसआरआयला खरे वेग आणि खरी वळणे देता येत नाहीत हे मान्य. पण प्रवेगमापकांच्या जागी बनावट सिग्नल आत सोडायचे आणि फिरत्या टेबलावर पेटी ठेवून वळणे द्यायची, हे जमिनीवर करता येत होते. उपकरण बनवणाऱ्याकडे किंवा ते स्वीकारताना, कुठेही ही एक चाचणी झाली असती तर दोष उघडा पडला असता, असे मंडळाने स्पष्ट लिहिले आहे. ती का झाली नाही? स्पेसिफिकेशनमध्ये एरियन ५ चा मार्ग नव्हता म्हणून. वर सांगितलेले गृहीत इथे दुसऱ्यांदा आडवे आले.

दुसरी संधी होती शेवटच्या पायरीवर, आणि ती जास्त विचार करायला लावणारी आहे. तिथे मोठी सिम्युलेशन सुविधा होती. संपूर्ण उड्डाणाच्या असंख्य क्लोज्ड लूप फेऱ्या तिथे चालवल्या गेल्या. म्हणजे संगणकाने नोझलला आज्ञा द्यायची, त्या आज्ञेने रॉकेट कसे हलेल ते गणिताने काढायचे, आणि ते हलणे सेन्सरच्या रूपाने पुन्हा संगणकाला द्यायचे. यात बरीच खरी उपकरणे जोडलेली होती. दोन्ही एसआरआय मात्र नव्हते. त्यांच्या जागी त्यांची नक्कल करणारे सॉफ्टवेअर होते. आजच्या भाषेत, मॉक. खरे एसआरआय जोडून काही चाचण्या झाल्या, पण त्या ओपन लूप होत्या: तारा नीट जुळतात का, डेटाबसवरून बोलणे नीट होते का, एवढ्यापुरत्या.

मॉक वापरण्यामागे आळस नव्हता, कारणे होती, आणि ती मंडळाने एकेक करून नोंदवली आहेत. एसआरआय आधीच स्वतंत्रपणे पात्र ठरलेले होते. खऱ्या एसआरआयला हवे तितके अचूक सिग्नल सिम्युलेशनच्या इलेक्ट्रॉनिक्सला बनवता येत नव्हते आणि दिशादर्शनाची अचूकता तर त्या सिग्नलांवरच अवलंबून. बिघाडाचे प्रसंग खऱ्या उपकरणावर घडवता येत नाहीत, मॉडेलवर येतात. शिवाय एसआरआयचे चक्र १ मिलिसेकंदाचे आणि सिम्युलेशनचे ६ मिलिसेकंदांचे. दोघांना जोडायला आणखी गुंतागुंत. ज्याने कधी मॉक लिहिला आहे त्याला ही यादी ओळखीची वाटेल. खरी सेवा सावकाश चालते, खऱ्या सेवेत चुका घडवता येत नाहीत, खऱ्या सेवेची तपासणी तिच्या टीमने केलेलीच आहे.

मंडळाने ही कारणे तांत्रिकदृष्ट्या ग्राह्य मानली. मग म्हटले की प्रणालीच्या चाचणीचा हेतू फक्त जोड तपासणे नाही, या विशिष्ट कामासाठी संपूर्ण प्रणाली तपासणे हा आहे. म्हणून एसआरआयसारखे कळीचे उपकरण आधीच्या पात्रतेवर किंवा एरियन ४ वरच्या वापरावर विसंबून सोडून देणे धोक्याचे होते. अचूकता थोडी कमी झाली तरी चालेल, पण खरे उपकरण त्या वर्तुळात असायला हवे होते. अचूकता वेगळ्या गणिताने आणि सिम्युलेशनने सिद्ध करता येते.

अहवालातला हा निवाडा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. मॉक हा त्या उपकरणाविषयीच्या आपल्या समजुतीचा पुतळा असतो. उपकरणाने काय करायला हवे हे त्यात असते. उपकरण प्रत्यक्षात काय करते हे नसते. आपली समजूत अपुरी असेल तर मॉकही तितकाच अपुरा, आणि चाचणी मात्र हिरवी, म्हणजे पास. चार पायऱ्यांच्या त्या उतरंडीत पहिली पायरी म्हणत होती की मार्गाचा प्रश्न आमचा नाही, तो प्रणालीचा. शेवटची पायरी म्हणत होती की एसआरआयचा प्रश्न आमचा नाही, ते पात्र ठरून आले आहे. दोन्ही पायऱ्यांवरची माणसे आपापल्या जागी बरोबर होती आणि मधल्या फटीतून बग निघून गेला.

सिद्धान्तात ही फट आधीच नोंदलेली होती. १९८६ मध्ये संगणकशास्त्रज्ञ इलेन वेयुकर यांनी ‘टेस्ट डेटा पुरेसा आहे असे केव्हा म्हणायचे’ यासाठी काही स्वयंसिद्धके मांडली. त्यांतली दोन इथे थेट लागू होतात. एखाद्या मोठ्या प्रोग्रॅमसाठी पुरेसा असलेला चाचणी-संच त्याच्या आतल्या भागासाठी पुरेसा असेलच असे नाही. आणि सुटे भाग आपापल्या जागी पुरेसे तपासले म्हणून त्यांची जोडणी पुरेशी तपासली गेली असेही नाही. पहिले ऐकून माणसे चमकतात. पण एरियन ४ कडे पाहा. तिची कित्येक यशस्वी उड्डाणे ही त्या प्रोग्रॅमची चाचणीच होती. त्या उड्डाणांत बीएचला जेवढा आडवा वेग मिळाला तेवढ्यापुरती ती चाचणी पुरेशी होती. तोच भाग उचलून दुसऱ्या रॉकेटमध्ये बसवला की जुनी चाचणी त्याच्याबरोबर येत नाही. ‘हे वर्षानुवर्षे प्रोडक्शनमध्ये चालले आहे’ या वाक्याला नेहमी एक शेपूट असते: ज्या इनपुटवर चालले आहे त्या इनपुटसाठी.

कव्हरेजनेही, म्हणजे चाचण्यांत कोडचा किती भाग चालला या मोजमापानेही, इथे काही सांगितले नसते. संख्या लहान करणारी ती ओळ जमिनीवरच्या प्रत्येक जुळवणीत चाललेली. ओळींचे कव्हरेज पूर्ण. फांद्यांचे कव्हरेजही पूर्ण, कारण तिथे तपासणीच नव्हती तर फांदी कुठून असणार. न लिहिलेल्या ‘जर’चे कव्हरेज मोजता येत नाही.

सीमेवरच्या किंमती तपासण्याचे तंत्र लावले असते तर? ३२,७६७ चालते, ३२,७६८ ला एक्सेप्शन येते, हे पाच मिनिटांत कळले असते. पण ते त्यांना माहीतच होते. म्हणून तर सात व्हेरिएबल्सची यादी निघाली होती. उत्तर तयार होते: ही किंमत येणारच नाही. सीमेवरची चाचणी बग दाखवते, ती किंमत प्रत्यक्षात येईल की नाही हे दाखवत नाही. त्याला बाहेरच्या जगाचा आकडा लागतो. इथे पुष्कळजण संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्राचे वाक्य काढतात: चाचणी बग असल्याचे दाखवते, नसल्याचे नाही. वाक्य खरे आहे, पण या प्रकरणात ते ढाल म्हणून वापरू नये. हा बग चाचणीच्या आवाक्याबाहेरचा अजिबात नव्हता. अब्जावधी इनपुटांतले एखादे दुर्मीळ इनपुट लागत नव्हते. रॉकेट ज्या मार्गाने जाणार असे आधीच ठरले होते, तोच मार्ग, एकदा, पुरेसा होता.

१९९७ च्या जानेवारीत झाँ-मार्क झेझेकेल आणि बर्त्रां मेयर या सॉफ्टवेअरच्या अभ्यासकांनी यावर लेख लिहून म्हटले की हा मुळात पुनर्वापराचा दोष आहे: प्रत्येक भागाने आपल्या अटी कोडमध्येच करार म्हणून लिहाव्यात, आडवा वेग अमुक मर्यादेत असेल तरच मी उत्तर देईन असे. त्यावर आक्षेप आला की अट लिहिली तरी ती मोडणारे इनपुट चाचणीत आलेच नाही तर ती मुकीच राहणार. आणि उड्डाणात मोडली तर तेव्हा काय करायचे? आक्षेप बिनतोड आहे, तरी मी मेयर यांच्या बाजूला झुकतो. अट चालवण्यासाठी जितकी, तितकीच वाचण्यासाठी असते. गृहीत ज्या ओळीवर उभे आहे त्याच ओळीशेजारी ते लिहिले की ढिगाऱ्यात बुडत नाही. मंडळानेही हेच वेगळ्या शब्दांत मागितले: प्रत्येक कळीच्या उपकरणाने आपल्या मर्यादा स्पेसिफिकेशनमध्ये जाहीर कराव्यात.

दोन एसआरआय असूनही उपयोग झाला नाही, याबद्दल थोडे. राखीव संच ठेवण्यामागचा विचार हार्डवेअरचा होता: सुटा भाग झिजतो, अवचित मोडतो, आणि दोन्ही एकाच क्षणी मोडण्याची शक्यता नगण्य. म्हणूनच एक्सेप्शन आले की प्रोसेसर बंद करायचा असे ठरले होते; एक्सेप्शन म्हणजे पेटी बिघडली, दुसरीकडे जा. सॉफ्टवेअर झिजत नाही. त्यात दोष असेल तर तेच इनपुट मिळालेल्या प्रत्येक प्रतीत तो त्याच वेळी उमटतो. एरियनच्या कार्यसंस्कृतीत सॉफ्टवेअर चुकीचे ठरेपर्यंत बरोबर मानले जात होते, आणि मंडळाने सांगितले की उलटे हवे: आजच्या सर्वमान्य पद्धतींनी ते बरोबर असल्याचे दाखवता येईपर्यंत सदोषच धरा. टेस्टरच्या हातात इथे एक साधे हत्यार होते. दोन्ही पुरवठादार एकदम गप्प झाले, किंवा त्यांनी उड्डाणाच्या माहितीऐवजी कचरा पाठवला, तर घेणारा काय करतो, हे मॉकवर सहज घडवून पाहता आले असते. मॉक ठेवण्याचे एक कारणच मुळी बिघाडाचे प्रसंग घडवता येतात हे होते. पण एकाच कारणाने दोन्ही एसआरआय जातील असा प्रसंग रचनेच्या विचारातच नव्हता, त्यामुळे कुणी तो मागितलाही नाही.

मंडळाच्या शिफारशी १४. पहिली अगदी साधी: उड्डाण झाल्याबरोबर जुळवणीचे काम बंद करा, आणि एकूणच, ज्याची गरज नाही असे कुठलेही काम उड्डाणात चालू ठेवू नका. दुसरी चाचणीची: जेवढी शक्य तेवढी खरी उपकरणे जोडलेली सुविधा उभारा, तिच्यात वास्तव इनपुट घाला, संपूर्ण क्लोज्ड लूप चाचणी करा. कुठल्याही सेन्सरने अडचणीत गप्प न बसता हाती असलेली उत्तम माहिती पाठवत राहावे, असेही एका शिफारशीत आहे. मार्गाची माहिती स्पेसिफिकेशनमध्ये आणि चाचणीच्या रिक्वायरमेंट्समध्ये घालायला सांगितली, हे तर ओघानेच आले.

पुढचे थोडक्यात. ऑक्टोबर १९९७ मधले दुसरे उड्डाण अंशतःच यशस्वी झाले; रॉकेटला अपेक्षेपेक्षा जास्त गिरकी मिळाली आणि मुख्य इंजिन वेळेआधी बंद पडले. कारण निराळेच होते. ऑक्टोबर १९९८ मधले तिसरे नीट पार पडले. त्यानंतर एरियन ५ भरवशाच्या रॉकेटांत गणली गेली, डिसेंबर २०२१ मध्ये जेम्स वेब दुर्बीण तिच्यावरूनच गेली, आणि जुलै २०२३ मध्ये ११७ व्या उड्डाणानंतर ती निवृत्त झाली. क्लस्टरचे चार उपग्रह पुन्हा बांधून २००० च्या जुलै-ऑगस्टमध्ये दोन सोयूझ रॉकेटांवरून बैकानूरहून सोडले गेले.

या प्रकरणामुळे माझ्या स्वतःच्या कामात एक सवय बदलली. जुना भाग नव्या प्रणालीत येतो तेव्हा मी त्याच्या जुन्या टेस्ट केसेस शेवटी चालवतो. आधी विचारतो की नव्या ठिकाणाहून याला कोणते इनपुट येणार आहे, आणि ते प्रत्यक्षातले मागून घेतो: लॉग, नोंदी, नियोजनाचे आकडे, जे असेल ते. मग त्या भागात ‘हे होणारच नाही’ असे म्हणून सोडलेल्या जागा शोधतो. कमेंटमध्ये सापडतात, रिकाम्या एक्सेप्शन हँडलरमध्ये सापडतात, जुन्या बंद केलेल्या तिकिटांत ‘शक्य नाही’ असा शेरा मारलेल्या सापडतात. अशा प्रत्येक जागेपुढे एक आकडा लिहायचा आणि तो कुठून आला ते लिहायचे. आकडा कुणाला सांगता आला नाही तर पहिली टेस्ट केस तिथे. रिव्ह्यूत हे विचारणे लोकांना रुचत नाही, कारण प्रत्येक प्रश्नाला ‘ते आधीच झाले आहे’ हे उत्तर तयार असते आणि ते उत्तर देणारा बहुधा खरे बोलत असतो.

अपघातानंतर मंडळासाठी एक सिम्युलेशन केले गेले. संगणकावर एसआरआयचे सॉफ्टवेअर, भोवती बनावट वातावरण, आणि त्यात ५०१ या उड्डाणाच्या प्रत्यक्ष मार्गाचे आकडे. बिघाडाची साखळी हुबेहूब तशीच पुन्हा घडली.